कुर्रा बिन शरीकची सुभेदारी : तवारीख आणि पपायरस यांच्या साक्षीचे परीक्षण

प्रारंभिक इस्लामी राज्यातील प्रांताधिकाऱ्यांविषयी आज जे सांगितले व शिकवले जाते, ते बहुतांशी त्यांच्या मृत्यूनंतर शतक-दोन शतकांनी लिहिलेल्या ग्रंथांवर आधारलेले असते. अधिकाऱ्याने स्वतः काय लिहिले, कोणता हुकूम कोणत्या तारखेला सोडला, कोणाची दाद घेतली, हे सांगणारा मूळ कागद सहसा उपलब्ध नसतो. इजिप्तचा उमय्या वली कुर्रा बिन शरीक अल्-अब्सी (कारकीर्द इ. स. ७०९ ते ७१४, हि. ९० ते ९६) हा याला ठळक अपवाद आहे. त्याच्या कचेरीतून निघालेली अरबी व ग्रीक पत्रे मोठ्या संख्येने सापडली आहेत. त्यामुळे एकाच व्यक्तीची दोन चित्रे अभ्यासकांसमोर उभी राहतात. तवारिखांतला कुर्रा जुलमी, बेपर्वा आणि मद्यपी आहे, तर पत्रांतला कुर्रा न्यायाची भाषा बोलणारा आणि बारीकसारीक हिशोब पाहणारा प्रशासक आहे. यांपैकी खरा कोणता, असा प्रश्न शतकभर विचारला गेला आहे. हा प्रश्नच अपुरा आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नेमणूक आणि कारकीर्द

कुर्राच्या कारकिर्दीचे आकलन होण्यासाठी इजिप्तची त्यावेळची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. ६३९ ते ६४२ या काळात हजरत अमर बिन आस (रजि.) यांनी हा प्रांत बायझन्टाइनांकडून जिंकला. जमिनीची मोजणी, गावनिहाय कर आणि ग्रीक-कॉप्टिक लेखनिकांचा वर्ग ही जुनी व्यवस्था मात्र पुष्कळ अंशी कायम राहिली. पुढे ६८५ ते ७०५ अशी तब्बल वीस वर्षे खलिफा अब्दुल मलिकचा भाऊ अब्दुल अजीज बिन मरवान येथे वली होता. त्याच्या मृत्यूनंतर खलिफाने आपला मुलगा अब्दुल्ला याला पाठवले. त्याच्या काळात महागाई झाली आणि तो लोकांत अप्रिय ठरला. हि. ८७ (इ. स. ७०६) मध्ये दिवानाचे दप्तर अरबीत नेण्याचा हुकूम झाला तोही याच काळात.

खलिफा वलीद पहिला याने हि. ९० मध्ये, म्हणजे ७०९ च्या जानेवारीत, कुर्राला इजिप्तवर नेमले. नमाजाची इमामत, अर्थात राजकीय व लष्करी नेतृत्व, आणि खराज, अर्थात महसूल, असे दोन्ही अधिकार त्याच्याकडे होते. हे दोन अधिकार पुढे अनेकदा दोन वेगळ्या व्यक्तींकडे दिले गेले, म्हणून ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. कुर्रा कैस गटातील अब्स कबिल्याचा होता आणि उत्तर सीरियाच्या किन्नसरीन भागातून आला होता. फुस्तातमध्ये वसलेल्या जुन्या अरब घराण्यांत, ज्यांत दक्षिण अरबस्तानातील कबिल्यांचा भरणा मोठा होता, तो बाहेरचाच होता.

त्याच्या नावावर ठळक कामे आहेत. फुस्तातची अमर बिन आस मशीद त्याने पाडून हि. ९२-९३ मध्ये वाढवून बांधली. तिच्यात अंतर्गोल मिहराब आला आणि पुढे नवे मिंबर बसले. फुस्तातजवळच्या बिरकतुल हबश भागातील पडीक जमीन त्याने लागवडीखाली आणली. हि. ९५ मध्ये त्याने लष्करी वेतनपत्रकाची (दिवानाची) नव्याने नोंद करवली. इजिप्तच्या इतिहासात अशी ही तिसरी नोंद मानली जाते. हि. ९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियात सुमारे शंभर खारिजींनी त्याला मारण्याचा कट केला. तो उघडकीस आला आणि कटवाल्यांना मृत्युदंड झाला. हि. ९६ मध्ये, इ. स. ७१४ च्या अखेरीस, पदावर असतानाच त्याचा मृत्यू झाला.

तवारिखांची साक्ष

कुर्राच्या दुष्कीर्तीला दोन आधार आहेत. पहिला आधार उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या नावावर सांगितले जाणारे एक वचन हा आहे. शामात वलीद, इराकमध्ये हज्जाज, हिजाजमध्ये उस्मान बिन हय्यान आणि इजिप्तमध्ये कुर्रा असल्यामुळे पृथ्वी अन्यायाने भरून गेली, असा त्याचा आशय आहे. दुसरा आधार एक कथा आहे. मशिदीचे बांधकाम चालू असताना, संध्याकाळी मजूर निघून गेले की कुर्रा तेथे मद्य आणि गाणेबजावणे घेऊन बसे, असे ती सांगते. पंधराव्या शतकातल्या इब्न तग्रीबिर्दीपर्यंत ही प्रतिमा पोचलेली दिसते.

या साक्षींची छाननी करताना काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. उमर बिन अब्दुल अजीज यांच्या प्रामाणिकपणाविषयी इतिहासात दुमत नाही. तथापि त्यांच्या नावावरील यादीतील माणसे त्यांच्या आयुष्याशी कशी जोडलेली होती, हे पाहणे आवश्यक आहे. ते ७०६ पासून मदिनेचे वली होते. ७१२ मध्ये हज्जाजच्या आग्रहावरून वलीदने त्यांना पदावरून दूर केले आणि पुढे मदिनेवर उस्मान बिन हय्यान आला. इजिप्तवर वीस वर्षे राज्य केलेला अब्दुल अजीज बिन मरवान हा तर त्यांचा पिता. त्याच्या पश्चात तेथे जे वली आले, ते त्याची छाप पुसून टाकण्यासाठी आले, अशी भावना इजिप्तमध्ये होती. म्हणून हे वचन खोटे ठरत नाही. पण ते तटस्थ निरीक्षकाचे नाही, उमय्या घराण्यातीलच एका शाखेचे दुसऱ्या शाखेविषयीचे मत त्यात आहे, हे मान्य करावे लागते.

मद्याच्या कथेविषयी अधिकच सावध राहावे लागते. उमय्या काळातील नावडत्या अधिकाऱ्यावर मद्यपानाचा आरोप हा तवारिखांतील परिचित साचा आहे. कूफ्याचा वली वलीद बिन उक्बा याच्याविषयीही असेच सांगितले जाते. मशिदीसारख्या सार्वजनिक बांधकामात इमारत मोठी होते, पण तिच्यावरचा खर्च आणि जुनी वास्तू पाडल्याची खंत हेही लोकांच्या मनात राहतात. ती खंत पुढे कथेच्या रूपाने बाहेर पडणे अशक्य नाही.

मृत्यूच्या तारखेचे उदाहरण याहून बोलके आहे. हज्जाज ७१४ च्या उन्हाळ्यात वारला आणि कुर्रा त्याच वर्षाच्या अखेरीस. तरीही दोघे एकाच महिन्यात गेल्याची रिवायत तबरीने (मृत्यू ९२३) दुसऱ्या तारखेबरोबर नोंदवून ठेवली आहे. दोन 'जालिम' एकत्र जन्माला आले नाहीत तरी निदान एकत्र मरावेत, अशी कथनाची ओढ येथे स्पष्ट दिसते. इब्न अब्दुल हकम (मृत्यू ८७१), तबरी आणि अल्-किंदी (मृत्यू ९६१) हे सारे अब्बासी सत्ता आल्यानंतरचे लेखक आहेत. उमय्यांची निंदा हा त्यांच्या काळाचा रूढ सूर होता. मात्र याच लेखकांनी कुर्राची मशीद, लागवड व दिवानाची नोंदही जपून ठेवली, हे विसरून त्यांना सरसकट पक्षपाती म्हणता येत नाही.

पपायरसांची साक्ष

मध्य इजिप्तच्या दक्षिणेस, असियूतच्या पलीकडे, कोम इश्काव नावाचे गाव आहे. ग्रीक काळातले अफ्रोदितो ते हेच आणि अरबी पत्रांतले 'इश्कूह'ही हेच. १९०१ मध्ये तेथे पपायरसांचा मोठा साठा सापडला. पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेला लेखनपट. हा साठा म्हणजे त्या परगण्याचा कारभारी बासिल (ग्रीक बासिलेओस) याच्या कचेरीचे दप्तर होते. साठा फुटून लंडन, हायडेलबर्ग, कैरो, शिकागो आदी ठिकाणी विखुरला. कार्ल हाइनरिख बेकर याने १९०६ मध्ये हायडेलबर्गची अरबी पत्रे आणि हॅरल्ड आयड्रिस बेल याने १९१० मध्ये लंडनची ग्रीक पत्रे प्रसिद्ध केली. नबिया अ‍ॅबट यांनी १९३८ मध्ये शिकागोची पत्रे संपादित केली. या विदुषी तुर्कस्तानातील मार्दिनच्या, पण लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकलेल्या. त्यामुळे या अभ्यासाचा एक धागा भारतातूनही जातो.

या पत्रांत प्रामुख्याने चार विषय येतात. पहिला विषय कराचा. ठरलेले सोन्याचे दिनार अजून का आले नाहीत, म्हणून बासिलला वारंवार तगादा लावला जातो. गावनिहाय मागणीपत्रे अरबी व ग्रीक अशा दोन्ही भाषांत थेट गावकऱ्यांना उद्देशून काढलेली आहेत. त्यांत हि. ८८ च्या जिझियाचे दिनार आणि धान्याचे माप दिलेले असते. येथे दोन गोष्टी शिक्षकांनी ध्यानात घ्याव्यात. जिझिया हा शब्द या कागदांत पुढच्या फिकहच्या ग्रंथांप्रमाणे केवळ डोईपट्टी या अर्थाने येत नाही. गावावर बसलेल्या रोख कराच्या व्यापक अर्थानेही तो येतो. शिवाय, दप्तर ७०६ मध्ये अरबीत गेले असे पाठ्यपुस्तकांत एका ओळीत सांगितले जाते, पण त्यानंतर तीन-चार वर्षांनीही वलीच्याच कचेरीतून ग्रीक पत्रे निघत होती.

दुसरा विषय मनुष्यबळाचा. आरमारासाठी खलाशी, कुल्जुम व बाबिलोनच्या गोद्यांसाठी सुतार व कारागीर, दमास्कस व जेरुसलेमच्या मशिदींच्या बांधकामासाठी मजूर आणि त्यांच्या पोटगीची रक्कम, अशा मागण्या या पत्रांत आहेत. तिसरा विषय पळून गेलेल्या रयतेचा. कर व वेठ चुकवण्यासाठी गाव सोडलेल्यांना शोधून परत पाठवण्याचे, त्यांना थारा देणाऱ्यांना दंड करण्याचे हुकूम त्यांत आहेत.

चौथा विषय न्यायाचा, आणि कुर्राची नवी प्रतिमा मुख्यतः त्यावरच उभी आहे. अमुक माणसाने मला कळवले की तुझ्या परगण्यातील अमुक शेतकऱ्याकडे त्याचे इतके दिनार येणे आहे आणि तो हक्क नाकारतो, असे या पत्रांत प्रथम सांगितले जाते. त्याने पुरावा दिला तर त्याचे येणे मिळवून दे, तुझ्याकडे कोणावर अन्याय होऊ देऊ नको, आणि वस्तुस्थिती वेगळी असेल तर मला लिही, असा पुढे हुकूम असतो. ग्रीक पत्रांत करआकारणी करताना ओळख किंवा वैर न पाहता ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे भार टाकावा, अशी ताकीद आहे. फुस्तातपासून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या गावातील दहा-वीस दिनारांची तक्रार वलीच्या नावाने निकाली निघत होती, ही गोष्ट लहान नाही.

पुनर्मूल्यमापन आणि त्याच्या मर्यादा

ही पत्रे प्रकाशात येताच मत पालटू लागले. आंरी लामेंस या जेझुइट पंडिताने १९०८ मध्ये अरबी पपायरसांच्या आधारे कुर्रावर स्वतंत्र लेख लिहून त्याची बाजू मांडली. नबिया अ‍ॅबट यांनीही तवारिखांतील आरोपांची झडती घेऊन त्याला कर्तबगार व न्यायी ठरवले. कुर्राची बदनामी हे अब्बासी काळाचे कारस्थान, अशी समजूत त्यातून सोपेपणाने पसरली. ही समजूत मुस्लिम वाचकाला सुखावणारी असली तरी तिचे परीक्षण झाले पाहिजे.

लामेंस हा उमय्यांचा कैवारी होता खरा. परंतु उमय्यांचे राज्य हे धर्मापेक्षा अरब राजसत्तेचे राज्य होते, असे मानल्यामुळे तो त्यांचा कैवारी होता. पैगंबर-चरित्राच्या साधनांविषयी त्याची भूमिका किती प्रतिकूल होती, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. अशा लेखकाचे प्रशस्तिपत्र आपल्या सोयीचे तेवढे घेऊन बाकीचे झाकणे हे संशोधन नव्हे. दुसरे असे की ज्या पिढीने ही पत्रे प्रथम वाचली, ती वसाहतींच्या कारभाराची पिढी होती. वेळेवर वसुली, चोख हिशोब आणि अधिकाऱ्यांवर देखरेख हेच तिच्या दृष्टीने सुशासन होते. त्या कसोटीवर कुर्रा सहजच उत्तम ठरला.

याहून महत्त्वाची हरकत साधनाच्या स्वरूपाविषयी आहे. ही पत्रे मूळ आहेत, अस्सल आहेत, पण ती कुर्राचीच आहेत. बासिलची उत्तरे बहुतांशी हाती नाहीत आणि तक्रारदाराला शेवटी पैसे मिळाले की नाही हेही सहसा कळत नाही. न्यायाची पत्रे एकाच साच्यातली असून केवळ नावे व रकमा बदलतात. मात्यू तिलिए यांच्या २०१३ मधील अभ्यासाने ही अर्ज-हुकुमाची पद्धत जुन्या रोमन कारभाराच्या परंपरेशी जोडून दाखवली आहे. तेव्हा अन्याय होऊ देऊ नको, या शब्दांवरून कुर्राचे अंतःकरण वाचता येत नाही. त्यावरून त्याच्या कचेरीची रीत कळते. अर्थात रीतही निरर्थक नसते. जे राज्य प्रत्येक हुकुमात न्यायाचे नाव घेते, ते रयतेला दाद मागण्यासाठी एक शब्द देत असते.

येथे मराठी वाचकाला एक परिचित वाद आठवेल. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांना श्रेष्ठ मानले. मराठी इतिहासलेखनाला त्याचा मोठा लाभ झाला. परंतु पत्र अस्सल आहे आणि पत्रातला मजकूर खरा आहे, ही दोन वेगळी विधाने आहेत. सुभेदाराच्या पत्रात सुभेदाराची बाजू असते. कुर्राच्या बाबतीत ही खबरदारी अधिकच लागते.

दोन साक्षी जेथे जुळतात

खरे पाहता पत्रे आणि तवारिखा परस्परांना खोडत नाहीत. त्या कोठे जुळतात, हे पाहिले असता वेगळेच चित्र दिसू लागते. कॉप्टिक चर्चच्या 'बत्रीकांच्या इतिहासा'त कुर्राच्या कारकिर्दीविषयी कडू शब्द आहेत. हा ग्रंथ अरबीत नंतर संकलित झाला असला तरी या भागाची मूळ टिपणे बऱ्याच अंशी त्याच काळातली मानली जातात. बत्रीक दुसरा अलेक्झांडर याच्याकडून मोठी रक्कम उकळली गेली, करामुळे लोक बायकामुलांसह गावोगाव पळत होते, आणि पळालेल्यांना धरून परत पाठवण्यासाठी कुर्राने माणूस नेमला, असे त्यात सांगितले आहे. पहिल्या आरोपाला पपायरसांत दुजोरा नाही. उरलेले दोन मात्र कुर्राच्या स्वतःच्या हुकुमांशी जुळतात. पीडित पक्षाचा लेखक आणि सत्ताधीशाची कचेरी एकाच गोष्टीची साक्ष देत असतील, तर ती गोष्ट नाकारण्यास जागा उरत नाही.

७१० च्या सुमाराचे एक ग्रीक पत्र या दृष्टीने वारंवार वाचण्यासारखे आहे. मूसा बिन नुसैरने पाठवलेल्या अता बिन राफी याच्या आरमारी मोहिमेवर या परगण्याचे खलाशी आफ्रिकेत गेले होते. त्यांपैकी किती परतले, किती तिकडेच राहिले व का राहिले, आणि किती जण तेथे वा वाटेत मेले, याची यादी बासिलने त्वरित पाठवावी, असे कुर्रा लिहितो. पत्रात शिवी नाही, धमकीही फारशी नाही. ते अत्यंत नीटनेटके पत्र आहे. मात्र परतलेला, राहिलेला आणि मेलेला हे तिघेही तेथे एकाच यादीचे तीन रकाने आहेत. ज्या घरातला माणूस परतला नाही, त्या घराला वलीचा हा नीटनेटकेपणा कसा वाटला असेल, हे पत्रात येणे शक्य नव्हते. ते कोठे आले असेल तर ते बदनामीच्या कथेतच आले.

कुर्रा लाच खाणारा किंवा लहरी होता, असे पत्रे दाखवत नाहीत. उलट मधल्या कारभाऱ्याने रयतेला लुबाडू नये याची तो काळजी घेतो. पण ती काळजी ज्या कारणासाठी आहे तेही पत्रांतच आहे. लुबाडलेली रयत पळते आणि पळालेली रयत कर देत नाही. वलीदच्या काळात दमास्कस, मदिना व जेरुसलेमची बांधकामे, भूमध्य समुद्रातील आरमार आणि चहूकडच्या मोहिमा यांचा खर्च प्रांतांवर पडत होता. कारभार जितका अचूक, तितकी रयतेला सुटायला जागा कमी. इजिप्तच्या खेड्याला कुर्राचा जुलूम जाणवला असेल, तर तो त्याच्या दुराचारापेक्षा कार्यक्षमतेमुळे. त्याच्यामागून आलेला महसूल-अधिकारी उसामा बिन जैद अधिक कठोर ठरला. पुढे उबैदुल्ला बिन हब्हाब याने दर दिनारामागे एक किरात वाढवला, तेव्हा हि. १०७ (इ. स. ७२५-२६) मध्ये कॉप्ट शेतकऱ्यांचा पहिला मोठा उठाव झाला. कुर्राचा मृत्यू आणि हा उठाव यांत जेमतेम अकरा वर्षांचे अंतर आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

भारतीय विद्यार्थ्याला हा काळ मुहम्मद बिन कासिमच्या सिंध-मोहिमेमुळे (७११-१२) परिचित असतो. कुर्रा आणि मुहम्मद बिन कासिम हे समकालीन, एकाच खलिफाचे अंमलदार. फरक साधनांचा आहे. सिंधविषयी 'चचनामा' हाती आहे. तो फारसीत तेराव्या शतकाच्या आरंभी अली कूफीने सिद्ध केला आणि त्यात हज्जाजची म्हणून जी पत्रे येतात, ती ग्रंथकाराच्या रचनेचा भाग आहेत. मनान अहमद आसिफ यांनी २०१६ च्या ग्रंथात त्याला राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचावे असे मांडले आहे. चचनाम्यातील पत्र आणि कोम इश्कावचे पत्र वर्गात शेजारी ठेवले, तर साहित्यातले पत्र आणि दप्तरातले पत्र यांतील भेद विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

मुस्लिम राज्यकर्त्यांविषयी वर्गात बोलताना शिक्षकावर दोन बाजूंनी दडपण असते. आरोप झाला की बचाव करावा असे एका बाजूला वाटते. दुसऱ्या बाजूला, आपण निष्पक्ष आहोत हे दाखवण्यासाठी प्रत्येक आरोप मान्य करावा असे वाटते. या दोन्ही मार्गांत साधने वाचण्याचे कष्ट टळतात. कुर्राला 'आदिल' म्हणणे आणि 'जालिम' म्हणणे ही दोन्ही वाक्ये त्याच्यापुरती बोलतात आणि इश्कूहच्या गावकऱ्याला विसरतात. पत्रे त्या गावकऱ्याच्या नावावरचे येणे आणि देणे सांगतात, तवारिखा त्याच्या रागाचा दूरचा प्रतिध्वनी ऐकवतात. दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून वाचले म्हणजे कुर्रा बिन शरीक सुटत नाही आणि फासावरही जात नाही. अवजड राज्ययंत्र चोख चालवणारा एक अधिकारी म्हणून तो दिसतो, आणि त्या यंत्राखाली कोण होते तेही दिसू लागते.